राखेवरच्या माणसांचं कलम

सोमवार, ता. ४

ताई, तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस म्हटलं की तू मुद्दाम चढतेस, हे मला ठाऊक आहे. भावोजींचा खोकला उतरला का? त्यांना म्हणावं, औषध बाटलीत ठेवून गुण येत नसतो. थोरल्या भाचीची पाठ बाळंतपणात धरली होती, ती सुटली का? बाळाला दात आले असतील, हिरड्या शिवशिवत असतील, त्याच्या हाती काही लागू देऊ नका. धाकट्या भाच्याचं पोट बरं आहे ना, की अजून बाहेर चरून येऊन घरच्या ताटाला नाक मुरडतो? आणि तुझं ते आंधळं मांजर? आहे का अजून?

माझं म्हणशील तर हातपाय चालतात, तोंड त्याहून जास्त चालतं.

ही वही मी तुला पाठवणार नाहीये. पण कोऱ्या कागदाशी बोलायची मला सवय नाही. उभं आयुष्य वीजकेंद्राच्या कँटीनमध्ये गेलं. समोर कोणी ताट घेऊन उभं असल्याशिवाय माझ्या तोंडातून शब्द निघत नाही. म्हणून तुला समोर बसवलंय. बस आता गुपचूप.

अधिवेशन आज सुरू झालं. निवडून आले तेव्हा तू म्हणालीस, दोन रेड्यांच्या झुंजीत कोकरू सुटलं. खरंय. दोन बडे एकमेकांना पाडत बसले आणि लोकांनी वैतागून कँटीनच्या मावशीला मतं दिली. आता ते कोकरू गालिचावर उभं आहे आणि त्याला घाम फुटलाय.

विषय आपल्या गावचाच आहे. कोळशावरची वीजकेंद्रं टप्प्याटप्प्याने बंद करायची आणि ऊन-वाऱ्यावरची वीज आणायची, असा कायदा सरकार करतंय. मी त्याच्या बाजूची. दोरीवरचे कपडे दोनदा धुवायचे, पोरांनी काळा शेंबूड पुसायचा, हे आपण किती पिढ्या करायचं? म्हणूनच तर मी या सरकारच्या बाकांवर बसले. घोडं अडलंय ते कलम अकरापाशी. केंद्र बंद झालं की तिथल्या कामगारांना नवं काम शिकवायचं आणि नव्या प्रकल्पात नोकरी द्यायचीच, असं त्यात आहे. फार चांगलं. पण पुढे शब्द आहे 'कायम'. म्हणजे पिवळ्या टोपीवाले. राख उपसणारे, कोळसा उतरवणारे, झाडलोट करणारे सगळे ठेकेदाराकडचे, निळ्या टोपीचे. त्यांचं त्या कलमात नावही नाही. आयुष्यभर राख त्यांनी खाल्ली, आणि आता चूल विझली तर ते कोण?

आपला धाकटा भाऊ निळ्या टोपीचा आहे, हे तुला सांगायला नको.

निघताना केंद्राच्या गेटवर मी सगळ्यांसमोर बोलून आले, निळी टोपी कलमात घातल्याशिवाय तोंड दाखवणार नाही. बोलताना फार जोर चढला होता. धाकटा मागे उभा राहून खोकत होता.

बुधवार, ता. ६

देवा रे, ही माणसं बोलतात किती! नमनालाच घडाभर तेल. एक सदस्य उठले आणि सूर्य कसा जुना आहे यावर बोलले. दुसरे उठले, त्यांनी वाऱ्याचा इतिहास सांगितला. तिसरे झोपले होते, त्यांचं नाव पुकारलं तेव्हा ते दचकून 'मंजूर' म्हणाले.

आणि ऐक. स्वच्छ विजेचे फायदे ऊर्जामंत्री बाईसाहेब सांगत असतानाच सभागृहातले दिवे गेले. मिट्ट काळोख. मग मागच्या अंगणातलं डिझेलचं जनरेटर धडधडायला लागलं आणि उघड्या खिडकीतून काळा धूर थेट बाईसाहेबांच्या तोंडावर. त्या खोकत खोकत म्हणतात कशा, "हेच मी सांगत होते." विरोधी बाकांवर हसून हसून लोळले. मीसुद्धा पदराआड हसले, खोटं कशाला बोलू.

दुपारी आमच्या पक्षाचा प्रतोद जेवायला आला. प्रतोद म्हणजे मतदानाच्या वेळी सदस्यांना कानाकोपऱ्यातून गोळा करून आत हाकणारा माणूस. मी त्याला गुराखी म्हणते. त्याला राग येत नाही, उलट म्हणतो, "मावशी, तुम्ही आमच्या कळपातली दुभती गाय." वसतिगृहातल्या माझ्या खोलीत विजेची एक शेगडी आहे, तिच्यावर मी भात आणि अंड्याचा रस्सा केला होता. तीनदा मागून घेतला. बोटं चाटली. मी आयुष्यात एक गोष्ट शिकलेय, समोरचा पोटभर जेवला की तो आपला. लबाड माणूस ताटात टाकतो. हा पोरगा ताट पुसून घेतो.

त्याला कलम अकराचं सांगितलं. म्हणाला, "मावशी, तुम्ही दुरुस्ती मांडा. मी आहे ना."

शुक्रवार, ता. ८

दुरुस्ती मांडायची म्हणजे काय, हे सांगायला कोणी तयार नाही. सचिवालयात गेले. पहिल्या खिडकीतला म्हणाला, समास सोडा. समास सोडून गेले तर दुसरा म्हणाला, समास जास्त झाला. तिसरीतली मुलगी फोनवर बोलत होती, ती हातानेच म्हणाली, उद्या. मी म्हटलं, "बाळ, उद्या मुदत संपते." तर म्हणते, "मग आज कशाला उशीर केलात?" असा संताप आला की तिच्या हातातला फोन काढून मीच त्या पलीकडच्याशी बोलावं. तेवढ्यात ती फोनवर "आई, ठेवते" म्हणाली. मग माझा राग गेला. आईशी बोलत होती ना.

शेवटी दुरुस्ती दाखल झाली. 'कायम' या शब्दापुढे 'तसेच ठेकेदारामार्फत काम करणारे'. एवढंच. एवढ्यासाठी मला तीन मजले दोनदा चढायला लावले. तुझ्या गुडघ्याची शपथ, तू तर पहिल्याच मजल्यावर बसली असतीस.

संध्याकाळी बाईसाहेबांनी बोलावलं. खुर्ची दिली, पाणी दिलं. "मावशी, तुमच्या भावना समजतात."

"भावना नाहीत हो, माणसं आहेत. राखतळ्यावर राख उपसत उभी आहेत."

"हो, पण कंपनीचं म्हणणं असं, की ठेकेदाराच्या माणसांची जबाबदारी ठेकेदाराची."

"आणि ठेकेदार म्हणेल कंपनीची. टोलवाटोलवी आम्ही जन्मभर बघितलीय."

त्या हसल्या. म्हणाल्या, "विधेयक आधी होऊ द्या. पुढच्या अधिवेशनात बघू." पुढच्या अधिवेशनात! वरातीमागून घोडं. मी उठले. पाणी अर्धंच प्याले होते, ते तसंच ठेवलं. तेवढीच माझी नाराजी.

सोमवार, ता. ११

आज विरोधी बाकांवरचे मास्तर बोलले. शाळामास्तर होते, म्हणून सगळे मास्तरच म्हणतात. माझ्याहून वयाने मोठे, आवाज मात्र अजून फळ्यावर खडू करकरावा तसा. विधेयकाची पार साल काढली. आणि मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "कँटीनमधून आलेल्या सदस्या आता सभागृहालाही वाढायला निघाल्या आहेत. पण पातेल्यात आहे का काही?"

मी उठले. माईक बंद होता, पण मला माईक कधी लागलाय? म्हटलं, "मास्तर, आमच्याकडे पहिल्या पंगतीला पिवळ्या टोप्या आणि दुसऱ्या पंगतीला निळ्या, असा नियम होता. दुसऱ्या पंगतीला रश्शात पाणी घालायचे. मी कँटीन हातात घेतली त्या दिवशी तो नियम मोडला. एकच पंगत, एकच डाव. पातेल्यात कमी पडलं तर सगळ्यांना कमी. आणि शेवटचा माणूस जेवल्याशिवाय मी कधी ताटावर बसले नाही. सरकारनेही तेवढंच करावं."

टाळ्या वाजल्या म्हणे. मला ऐकू आल्या नाहीत, कानात रक्त चढलं होतं.

मधल्या सुट्टीत मास्तर स्वतःहून चहाच्या टेबलावर आले. साखरेशिवायचा चहा घेतला. त्यांना मधुमेह आहे, दंडात की पोटात सुई टोचून घेतात आणि मग वेळेवर खावं लागतं. डबा बरोबर असतो, पण बोलण्याच्या नादात उघडायचा राहतो. मी म्हटलं, "घरी कोणी ओरडत नाही का?" म्हणाले, "ओरडणारी गेली." मग बराच वेळ राखेचं विचारत बसले. कशी काढतात, तोंडाला काय बांधतात, दमा झाला तर कोण बघतं. मी सांगत गेले. ते चहा ढवळत होते, साखर नसलेला.

निघताना म्हणाले, "तुमच्या कायद्याला माझा विरोधच आहे, मावशी."

"असू द्या. डबा उघडा आधी."

मंगळवार, ता. १२

धाकट्याचा फोन. "अक्का, झालं का?"

"गुरुवारी मतदान आहे."

"गेटवर विचारतात."

"सांग, होईल."

"तू सांग ना. मी सांगितलं तर म्हणतात, बहिणीची बाजू घेतो."

मग खोकला. मी म्हटलं, डॉक्टरला दाखव. तो म्हणाला, आधी ते कलम दाखव. तोंडाळ झालाय फार. कोणावर गेलाय कोण जाणे.

गुराखी सांगून गेला की आमच्याकडचे काहीजण दुरुस्तीला मत देतील, पण अगदी काठावरचं आहे, एकेक मत मोलाचं. बाईसाहेबांनी पक्षादेश काढला नाही, ज्याने त्याने मनाप्रमाणे द्यावं असं ठरलंय. गुराखी फार धावपळ करतोय बिचारा. कोण कुठे बसलाय, कोण कोणाशी बोलतोय, सगळं त्याच्या डोक्यात. आजही जेवून गेला.

गुरुवार, ता. १४

ताई, रात्र फार झालीय. तरी आत्ताच लिहिते, उद्या लिहिलं तर मी स्वतःला चांगलं करून लिहीन.

दुरुस्तीची चर्चा संपत आली होती. मी बाकावर बसून होते, मांडीवर हात घट्ट धरून. गुराखी वाकून आला. कानात म्हणाला, "मावशी, मास्तर बाहेर बाकावर बसलेत. घाम फुटलाय, हात थरथरतायत. डॉक्टरला निरोप गेलाय, पण तोवर काही गोड पोटात जायला हवं. तुमच्याशिवाय कोणाला सांगू?"

मी म्हटलं, "अरे, पण मतदान?"

"घंटा व्हायला वेळ आहे. मी आहे ना. स्वतः येऊन हाक मारतो."

मग मी थांबते होय? बाहेर गेले. मास्तर पांढरेफटक. शर्ट भिजलेला. मला ओळखलं की नाही कोण जाणे. गुराखीच म्हणाला, इथे गर्दी जमेल, टोकाच्या चहाच्या खोलीत न्या, तिथे साखर आहे. मग त्यांचा हात माझ्या खांद्यावर टाकून नेलं. चहावाल्याकडून साखर घेतली, पाण्यात ढवळली, चमच्याने पाजली. नंतर पावाचा तुकडा. त्यांचा डबा काखोटीलाच होता, न उघडलेला. मी तोही उघडला. त्या खोलीत धूर ओढणारा पंखा आहे, त्याचा असा घरघराट की स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. मी म्हणत होते, "हं, अजून एक घास. गिळा. गिळा म्हणते ना." बोलता बोलता त्यांच्या तोंडावर रंग आला. मला एवढा आनंद झाला, ताई. जणू आपलंच कोणी माघारी फिरलं.

मग ते म्हणाले, "घंटा झाली का?"

मी बाहेर धावले. घंटा होऊन गेली होती. घंटा थांबली की सभागृहाची दारं बंद करतात, मतमोजणी होईपर्यंत उघडत नाहीत. दाराशी दारवान उभा. रोज माझ्याकडून बिस्किट खाणारा. मी म्हटलं, "बाबा रे, सोड." तो रडकुंडीला आला. "मावशी, नोकरी जाईल. कायदा आहे." मी दारावर हात मारले. आतून काही नाही. जाड लाकूड, जुनं.

दुरुस्ती एका मताने पडली. एका.

दार उघडलं तेव्हा गुराखी सगळ्यात आधी बाहेर आला. कपाळावर हात मारून घेतला त्याने. "मावशी, गर्दीत अडकलो हो. मी निघणारच होतो." मला पाणी आणून दिलं, बाकावर बसवलं, पाठीवर हात फिरवला. पोटचं पोरही एवढं करत नाही.

शुक्रवार, ता. १५

काही नाही.

शनिवार, ता. १६

मास्तरांना बघायला आवारातल्या दवाखान्यात गेले. दोन दिवस ठेवून घेतलंय. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, वेळेवर साखर दिलीत म्हणून बरं, नाहीतर बेशुद्ध झाले असते. मी म्हटलं, "तुम्ही का नाही आलात मग लवकर? निरोप गेला होता." तर म्हणतात, "मला कोणाचाच निरोप नाही. मी इथेच बसून होते." म्हणजे निरोपही मध्येच कुठे जिरला. या इमारतीत एक काम धड होईल तर शपथ. जिथे निरोप पोचत नाही तिथे वीज कशी पोचायची!

मास्तर उशीला टेकून बसले होते. मी सफरचंद चिरून देऊ लागले. दोन फोडी खाल्ल्या. मग म्हणाले, "मावशी, मी तुमच्या दुरुस्तीला मत देणार होतो."

माझ्या हातातली सुरी थांबली.

"विधेयकाला विरोधच. पण ते राखेवरचं मला पटलं होतं. बुधवारी लॉबीत मी बोललोही तसं, मोठ्याने. सगळ्यांसमोर."

म्हणजे बघ. आम्ही दोघं आत असतो, तर एका मताने पडलेली एका मताने तरली असती. मीच माझ्या हातांनी दोन्ही मतं बाहेर नेली, एक खांद्यावर घालून. हसू की रडू? मी हसले. मास्तरही हसले, पण त्यांना खोकला आला.

मी विचारलं, "डबा का नव्हता उघडला? सुई टोचून घेतली होती ना?"

"उघडणारच होतो. तुमचा प्रतोद येऊन बसला. जुन्या निवडणुका, माझे जुने विद्यार्थी, काय काय विचारत होता. एकदा झाकणाला हात लावला तर म्हणाला, मास्तर, तो किस्सा पुरा करा ना आधी. एवढ्या प्रेमाने कोणी विचारत नाही हो हल्ली."

बघ, आहे की नाही पोरगा? विरोधी बाकावरच्या म्हाताऱ्याशीही तासभर बसून बोलतो. आणि आपले तरुण सदस्य म्हाताऱ्यांकडे ढुंकून बघत नाहीत.

मास्तर मात्र पुढे काही बोलले नाहीत. सफरचंद संपवलं.

सोमवार, ता. १८

आज पूर्ण विधेयकाचं मतदान. सकाळी धाकट्याचा फोन. एकच वाक्य. "अक्का, आमचं नाव नाही तर पाड तो कायदा." मागून आणखी दोघातिघांचे आवाज, "पाड, मावशी, पाड!"

माझ्या मताशिवाय विधेयक तरेल की नाही हे कोणालाच ठाऊक नव्हतं. गुराखी सकाळीच खोलीवर आला. मी काही शिजवलं नव्हतं, शिळा पाव होता, तोही आनंदाने खाल्ला. म्हणाला, "मावशी, कलमात नाही तर नियमांत घालू. कायदा झाला की नियम होतात. बाईसाहेबांनी शब्द दिलाय. राखेवरच्या माणसांसाठी एक अभ्यासगट नेमणार आहेत, अध्यक्ष तुम्ही."

"मी? अभ्यास? माझी शाळा चौथीत सुटली. मी वाचायला शिकले ती डाळीच्या पुडीच्या कागदावर."

"तुमच्याइतका अभ्यास कोणाचा आहे?"

मी डोकं धरून बसले. पाडला तर काय होतं? केंद्र आणखी वीस वर्षं चालतं. निळ्या टोपीवाले राख खात राहतात, त्यांची पोरंही खातात. तारला तर राख थांबते, पण धाकट्याच्या हातात काही येत नाही. आई असती तर विचारलं असतं. तू जवळ असतीस तर विचारलं असतं. गुराख्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मनाचं ऐका. तुमचं मन कधी चुकलंय?"

मी बाजूने मत दिलं.

विधेयक झालं. बाकं बडवली सगळ्यांनी, कोणीतरी माझा खांदाही बडवला. बाईसाहेब रडल्या, खरंच रडल्या, त्यांनी पंधरा वर्षं यासाठी घालवलीत. मला त्यांचा राग येईना. रागच येईना कोणाचा, आणि त्याचाच मला राग आला. एवढी संतापी म्हणून नाव असलेली बाई मी, आणि ऐन वेळी संताप कुठे ठेवला ते आठवेना.

गुरुवार, ता. २१

घरी आले.

गेटवरून आत न जाता मागच्या गल्लीने आले, चोरासारखी. धाकटा घरीच होता, त्याची दुपारची पाळी होती. "आलीस," एवढंच म्हणाला. मी त्याचं ताट केलं. तो जेवायला बसला आणि मी समोर बसून सगळं सांगितलं. अगदी सगळं, वहीत लिहिलंय तसं. मास्तरांना घाम कसा फुटला, साखर कशी पाजली, पंखा कसा घरघरत होता, दारवान कसा रडकुंडीला आला. मास्तर लॉबीत काय बोलले होते तेही. तो खाली मान घालून जेवत होता. मला वाटलं, आता बोलेल, मग बोलेल. बोल म्हटलं, शिव्या दे, पण बोल.

त्याने घास खाली ठेवला.

"अक्का, मास्तरांना बघ म्हणून तुला कोण सांगायला आलं?"

"गुराखी."

"आणि त्या टोकाच्या खोलीत न्या म्हणून?"

"तोच. गर्दी होऊ नये म्हणून."

"आणि मास्तरांजवळ जेवायच्या वेळी कोण बसलं होतं?"

"अरे तोच! सांगितलं ना. काय गुणी पोरगा आहे. घंटेच्या वेळी तेवढा गर्दीत अडकला, नाहीतर..."

धाकटा माझ्याकडे बघत राहिला. एवढा वेळ त्याने माझ्याकडे लहानपणीही बघितलं नसेल. मला वाटलं आता फुटणार. पण त्याचा चेहरा हळूहळू असा झाला, जसा तो तापातल्या माणसाजवळ बसल्यावर होतो. माझ्या ताटाकडे बोट करून म्हणाला, "तू जेव आधी. शेवटचा माणूस मीच आहे, माझं झालं." आणि स्वतः उठून माझ्या ताटात भात घातला. जास्तच घातला.

पाळीला तो निघाला तेव्हा मी म्हटलं, मीही येते, गेटवरच्या लोकांना तोंड दाखवायलाच हवं. तो नको म्हणत होता, मी ऐकलं नाही. गेटवर पन्नासेक निळ्या टोप्या होत्या. वाट देत बाजूला झाल्या. मग मागून कोणीतरी म्हणालं, "मावशीनेच घालवलं ना?" मी तोंड उघडणार तेवढ्यात धाकटा माझ्या पुढे आला.

"अक्काला कोणी बोलायचं नाही. तिने भुकेल्या माणसाला जेवू घातलं. घालवलं ते दुसऱ्यांनी. काय विचारायचं ते मला विचारा, पाळी सुटल्यावर."

असं ठणकावून बोलला की खोकला आला नाही त्याला मध्ये. मी म्हटलं, "दुसऱ्यांनी म्हणजे कोणी रे?" तर म्हणतो, "घरी जा अक्का, ऊन आहे." माझ्याच घरात, माझ्याच गावात मला कोणी काही सांगायला तयार नाही! सचिवालयाच्या खिडक्या परवडल्या.

ताई, ठरलं होतं पाठवायचं नाही, पण पाठवते. पानं सुटी करून बांधलीत, क्रम लावून वाच. तू मोठी, तुला दूरचं दिसतं. धाकट्याच्या डोक्यात काय आहे ते मला कळत नाही. पाळीवरून आल्यावर मास्तरांना फोन लावून दे म्हणाला, पाऊण तास बोलत होता त्यांच्याशी, दार लोटून.

आणि आणखी एक. गुराखी पुढच्या आठवड्यात इकडे येतोय, त्या अभ्यासगटाच्या कामाने. मी त्याला जेवायला बोलावलंय. भीत भीतच धाकट्याला सांगितलं. वाटलं, आदळआपट करेल. तर शांतपणे म्हणाला, "येऊ दे. मीच वाढतो त्याला. मास्तरांनाही बोलाव, आणि राखेवरचे सगळे." ज्याने जन्मात पाण्याचा तांब्या उचलून दिला नाही, तो वाढणार! मी एवढी हरखले, पण तेव्हापासून घासलेलीच भांडी पुन्हा घासतेय. त्याने चेष्टेने म्हटलं नव्हतं.

पंगत पुढच्या गुरुवारी आहे. त्याच्या आधी तुझं पत्र हातात पडेल असं लिही. गुडघा दुखत असेल तर भावोजींकडून लिहून घे, पण लवकर लिही.